एनसीपीएच्या सीझनमधून तीनच संध्याकाळी निवडायच्या तर कोणत्या?

डोंबिवलीफास्ट

नमस्कार मंडळी,

एनसीपीएच्या (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, नरिमन पॉइंट) येत्या काही महिन्यांच्या कार्यक्रमांची यादी बायकोने मला पाठवली आणि खाली एवढंच लिहिलं, "बघ काही जमतंय का." मी बघितली आणि गांगरलो. सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे, पियानो आहे, चेंबर म्युझिक नावाचं काहीतरी आहे, ख्याल आहे, ध्रुपद आहे, सरोद आहे, कर्नाटक संगीत आहे, शिवाय परदेशातल्या ऑपेराचं पडद्यावर प्रक्षेपण. सगळं एकाच आवारात.

आमच्या घराची परिस्थिती अशी. बायको विशारद आहे, अजून आठवड्यातून एकदा गाणं शिकायला जाते, आणि किराणा घराण्याच्या गाण्यापलीकडे तिचं मन सहसा रमत नाही. मुलगी अकरा वर्षांची. ती वेस्टर्न व्हायोलिन शिकते, नोटेशन वाचते, आईच्या रियाजाच्या वेळी दार लावून घेते. मी नाट्यसंगीतावर वाढलेला माणूस. ऑर्केस्ट्रा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे गणपतीतला स्टेज, कोटातला निवेदक आणि फर्माइशीच्या चिठ्ठ्या येतात.

डोंबिवलीहून नरिमन पॉइंट म्हणजे जाऊन-येऊन चार तास आणि तिकिटं तीन. त्यामुळे तीनच संध्याकाळी ठरवल्या आहेत. तिघांनाही काहीतरी मिळालं पाहिजे आणि कुणी कुणाला "तुझ्यामुळे आलो" असं म्हणता कामा नये. कलाकारांची नावं बघून निवडू, की वाद्यं बघून? टाळ्या कधी वाजवायच्या? कपडे कसे? आणि रात्री घरी कसं यायचं?

तिकीटघर

आधी व्यवहाराचं सांगतो, गाण्याचं जाणकार सांगतील.

सभासदांसाठी बुकिंग आधी उघडतं, इतरांसाठी नंतर. स्वस्त तिकिटं सगळ्यांत आधी उडतात, म्हणून तारीख लिहून ठेवा. मुलीसाठी वयाची अट प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी असू शकते, पैसे भरण्याआधी ती ओळ वाचा. कपड्यांचं मनावर घेऊ नका. जीन्स चालते, झब्बा चालतो, नऊवारीतही लोक पाहिले आहेत. एसी मात्र कडक असतो, शाल किंवा स्वेटर न्या.

सातचा कार्यक्रम म्हणजे सात. विशेषतः पाश्चात्य संगीताच्या वेळी. दार एकदा लागलं की पहिली रचना संपेपर्यंत बाहेर उभं राहावं लागतं.

प्रवास आता पूर्वीइतका वाईट नाही. सीएसएमटीला उतरा, तिथून मेट्रो-३ ने विधान भवन, पुढे दहा-पंधरा मिनिटं चालत. कार्यक्रम नऊ-सव्वानऊला सुटला तर परतीलाही मेट्रो मिळते. तिघं असाल तर टॅक्सीही परवडते. बिस्किटाचा पुडा लोकलमध्येच संपवा.

खर्ज

यादीत कलाकाराचं नाव मोठ्या अक्षरात असतं आणि थिएटरचं नाव बारीक अक्षरात. तुम्ही बारीक अक्षरं वाचा. माझा सगळा सल्ला एवढाच आहे: आधी जागा निवडा, मग गाणं. बाकी लांबण लावतो ती सवयीने.

माझी नोकरी नरिमन पॉइंटला, बँकेत. सुटायची वेळ साडेपाच, आणि त्या वेळची बोरिवली गाडी तुम्ही पाहिली असेलच. गर्दी ओसरेपर्यंत कुठेतरी बसायचं म्हणून मी समुद्राच्या टोकाला चालत जायला लागलो आणि एनसीपीएत जे असेल ते ऐकायला लागलो. गाण्याची ओढ नंतर लागली. त्यामुळे झालं काय, की निवड न करता ऐकलं. सोमवारी सतार, गुरुवारी चेलो. आणि हळूहळू लक्षात यायला लागलं की काही संध्याकाळी गाणं चांगलं असूनही पोचत नाही आणि काही वेळा सामान्य वादकसुद्धा भरून उरतो. त्यात वाटा भिंतींचा होता.

एनसीपीए म्हणजे एक हॉल नव्हे. १९६९ मध्ये जेआरडी टाटा आणि जमशेद भाभा यांनी ही संस्था काढली. (हे जमशेद म्हणजे होमी भाभांचे धाकटे भाऊ.) नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून जी जमीन केली तिच्यावर ती उभी आहे, आणि आज तिथे पाच थिएटरं आहेत: जमशेद भाभा, टाटा, एक्सपेरिमेंटल, गोदरेज डान्स आणि लिटल. पहिल्या दोन्हींत हजाराच्या वर माणूस बसतो, शेवटच्यात जेमतेम सव्वाशे.

आता टाटा थिएटर. ते १९८० मध्ये उघडलं, इंदिरा गांधींच्या हस्ते. आर्किटेक्ट अमेरिकेचे फिलिप जॉन्सन आणि ध्वनीची बाजू सिरिल हॅरिस यांची. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसचा आवाज ज्यांनी बांधला तेच हे हॅरिस. पण इथे त्यांच्यापुढचं काम वेगळं होतं. ऑपेरासाठीचा हॉल नको होता, भारतीय गाणं-बजावणं आणि नाटक यांच्यासाठी हवा होता. म्हणून खुर्च्या पंख्यासारख्या पसरलेल्या आहेत. सरळ लांबलचक हॉलमध्ये शेवटच्या रांगेतल्याला गवई अंगठ्याएवढा दिसतो. इथे मागे बसूनही त्याचा चेहरा दिसतो, हात दिसतो, साथीदाराकडे टाकलेली नजर दिसते. आणि मूळ इरादा असा की हे सगळं माईकशिवाय ऐकू यावं.

आणि आमचे कलावंत काय करतात? बसल्या बसल्या पहिलं वाक्य, "मॉनिटर जरा वाढवा." मग तबलजी म्हणतो माझा वाढवा. मग हार्मोनियम. जगातल्या एका नामांकित माणसाने कुजबूज शेवटच्या रांगेपर्यंत पोचावी म्हणून खोली बांधली आणि आपण तिच्यात लग्नाच्या हॉलचा आवाज भरतो. हा माझा जुना राग आहे, तो इथे काढून घेतला.

तरी एक युक्ती आहे. पंधरा-वीस मिनिटं आधी जाऊन बसा. पडदा उघडल्यावर तानपुरे शेवटचे एकदा जुळवून घेतात, माईक अजून पूर्ण चढवलेला नसतो. त्या दोन-तीन मिनिटांत ती खोली काय करू शकते ते कळतं. तुमच्या सौभाग्यवतींना जोडीतल्या एका तानपुऱ्याचा पंचम किंचित उतरलेला असेल तर तोही ऐकू येईल, आणि त्या तुम्हाला कोपराने ढोसतील.

जमशेद भाभा थिएटर ही अगदी उलट प्रकृतीची जागा. ते बांधून होत आलं असताना आगीत गेलं. भाभांचं वय तेव्हा ऐंशीच्या पुढे. त्यांनी ते पुन्हा उभं केलं आणि १९९९ मध्ये ते सुरू झालं. आत शिरल्यावर जो संगमरवरी जिना दिसतो तो मलबार हिलवरच्या पेटिट हॉल नावाच्या जुन्या वाड्यातला आहे, तिथून काढून आणून इथे बसवला. मुलीला त्या जिन्यावरून मुद्दाम चढू द्या, लिफ्ट नको. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचं (एसओआय) घर तेच.

दोन खोल्या का लागतात ते एकदा कळलं की निवड सोपी होते. साठ-सत्तर वादक एकत्र वाजवतात तेव्हा आवाज हॉलमध्ये थोडा रेंगाळावा लागतो, दोनेक सेकंद. तो रेंगाळला नाही तर व्हायोलिनं वेगळी, बासरी वेगळी, पितळी वाद्यं वेगळी ऐकू येतात, सगळ्यांचा मिळून एक रंग होत नाही. आता त्याच रेंगाळणाऱ्या हॉलमध्ये कुणी द्रुतात सपाट तान घेतली तर? पहिला सूर विरायच्या आत पुढचे आठ येऊन आदळतात आणि तानेचा लगदा होतो. बोलणं, तबल्याचे बोल, सरगम यांना कोरडी खोली लागते, एक सेकंद किंवा त्याच्या आसपास. म्हणून ख्याल टाटात ऐका आणि ऑर्केस्ट्रा भाभात. याच्या उलट जमवलेला कार्यक्रम यादीत दिसला तर त्याला दुसरा नंबर द्या, कलाकार कितीही मोठा असो.

ऑर्केस्ट्राबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तुमच्या घरात तोच सगळ्यांत अनोळखी आहे. एसओआय २००६ मध्ये सुरू झाला. एनसीपीएच्या खुश्रू सनटूक यांनी मरात बिसेनगालिएव या कझाक व्हायोलिनवादकाला लंडनमध्ये ऐकलं आणि मुंबईला बोलावलं, तिथून हे घडलं. सुरुवातीला वादक मोठ्या प्रमाणावर बाहेरून यायचे आणि आजही सीझनमध्ये पाहुणे येतात. पण २०१२ पासून त्यांची स्वतःची अकादमी आहे, मुलं लहानपणापासून तिथे रशियन पद्धतीने शिकतात. सीझन वर्षातून दोनदा असतो, साधारण फेब्रुवारीच्या आणि सप्टेंबरच्या सुमाराला.

वाद्यवृंद बसला की सुरुवातीला ओबो नावाचं एक वाद्य एकच सूर धरतं आणि सगळे त्याला मिळवून घेतात. आपल्याकडे तानपुरा शेवटपर्यंत सुटत नाही. इथे आधाराचा सूर अर्ध्या मिनिटात देऊन काढून घेतात आणि मग ज्याने त्याने तो डोक्यात ठेवायचा. त्यापुढची गंमत अशी की षड्ज एका जागी राहत नाही. रचना एका 'सा'वर सुरू होते, मध्येच दुसऱ्यावर जाऊन बसते, तिथून तिसऱ्यावर, आणि शेवटाकडे मूळ ठिकाणी येते तेव्हा न शिकलेल्या माणसालाही हायसं वाटतं. तुमच्या घरात हे सगळ्यांत आधी बायकोला कळेल, पैज लावा. चाळीस मिनिटांच्या सिम्फनीत नाट्यसंगीतवाल्याने काय धरायचं? चाल धरा. पहिल्या दोन मिनिटांत जी चाल ऐकवतात तिचं पुढे काय काय होतं, कुठल्या वाद्याकडे ती जाते, कधी उलटीपालटी होते, तेवढाच माग ठेवा. बीथोवनच्या पाचव्या सिम्फनीत तर चार सुरांचा तुकडा आहे, तो हरवला तरी परत सापडतो.

जागा: भाभात बाल्कनी घ्या. पुढच्या रांगेचं तिकीट महाग, पण तिथे पहिल्या व्हायोलिनवाल्यांचे बूट दिसतात आणि मागचे फ्रेंच हॉर्न दिसतच नाहीत. टाटात मात्र जितकं पुढे परवडेल तितकं पुढे, आणि मधोमध.

टाळ्या: सिम्फनीचे बहुधा चार भाग असतात, मध्ये थांबतात, तेव्हा वाजवायच्या नाहीत. कंडक्टरचे दोन्ही हात पूर्ण खाली आले की वाजवा. मोजत बसू नका, हातांकडे बघा. दाद मात्र कधी कधी निसटते. माझ्या शेजारचे एक गृहस्थ संथ भागात चेलोच्या एका जागेला "आहा!" करून गेले. पुढच्या रांगेतल्या पारशी आजीबाई मागे वळल्या, मला वाटलं आता बोलणी बसणार, तर त्यांनी हसून मान डोलावली.

तर पहिली संध्याकाळ भाभा, दुसरी टाटा. तिसरी मुद्दाम लहान खोलीसाठी ठेवा, एक्सपेरिमेंटल किंवा लिटल. तिथे जे असेल ते. पण ते पुढच्या प्रतिसादात, चहा झालाय.

पार्लेकर

खर्जकाका, लिहिलंय झकास. पण एक सांगा, डोंबिवलीच्या माणसाला ख्याल ऐकायला समुद्राच्या टोकाला कशाला पाठवता? आमच्या पार्ल्यात हृदयेश संस्थेचा संगीत महोत्सव होतो. पं. सी. आर. व्यासांनी सुरू केलेलं गुणीदास संमेलन आहे. ठाण्यात राम मराठ्यांच्या नावाचा समारोह आहे. माटुंग्याला दादर-माटुंगा कल्चरल सेंटर आहे, तिथे कित्येकदा पैसेही पडत नाहीत. त्या गाण्याला दाद देणारा माणूस शेजारी बसलेला असतो, तो मांडीवर ताल धरतो, मध्यंतरात बटाटेवडा खातो आणि गायकाच्या गुरूंचं कुठे चुकत होतं तेही सांगतो. तुमच्या त्या संगमरवरी जिन्यावर हे मिळणार आहे का? तिथे मराठी माणूस पाहुणाच.

खर्ज

पार्लेकर, वड्याच्या मुद्द्यावर मी आत्ताच शरणागती पत्करतो.

ख्यालाबद्दलही निम्मं मान्य. माझ्या मते या माणसाने तीन संध्याकाळींतली एकच ख्यालाला द्यावी, ती याच कारणासाठी. बाकीचा ख्याल घराजवळ ऐकता येतो. पूर्ण सिम्फनी ऑर्केस्ट्रा मात्र पार्ल्यात येत नाही, डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरातही येत नाही. आणि ज्या विशारद बाईंनी आजवर ख्याल कर्ण्यातून ऐकलाय त्यांनी एकदा त्या खोलीत बसून बघावं, एवढाच आग्रह.

पाहुणा म्हणालात ते पटलं नाही. पु. ल. देशपांडे एनसीपीएच्या कामात होते. संगीताचे अभ्यासक डॉ. अशोक दा. रानडे तिथे अनेक वर्षं होते, आणि 'बैठकीची लावणी'सारखे विषय धरून त्यांनी जे कार्यक्रम बांधले ते ऐकलेली माणसं अजून त्यावर बोलतात. विषय घ्यायचा, त्याचा अभ्यास करायचा, नमुने गोळा करायचे, गाणाऱ्यांकडून बसवून घ्यायचे आणि मध्ये मोजकं बोलायचं. आज दर दुसरा निवेदक तसं करू बघतो आणि मोजकं बोलणं तेवढं विसरतो.

एक तक्रार मात्र मीच तुमच्या बाजूने करतो. एनसीपीएतल्या मैफली बहुतेक साडेसहा-सातला सुरू होतात आणि नऊच्या आसपास आटोपतात. परिणाम असा की यमन, पूरिया, मारवा, श्री, बिहाग यांची कमतरता नाही. ललत, तोडी, भटियार ऐकायचे तर कुठे? आणि मध्यरात्रीचा मालकंस? तो पूर्वी पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात पहाटेपर्यंत चालायचा, आता तिथेही बहुतेक दिवशी स्पीकर दहाला बंद. सकाळच्या रागांसाठी पंचम निषाद या संस्थेचं 'प्रातःस्वर' आहे, प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिराच्या आवारात, उजाडताना. डोंबिवलीहून त्यासाठी पहाटेची गाडी पकडावी लागेल, पण गाडी रिकामी असते.

डोंबिवलीफास्ट

बापरे, इतक्या उत्तरांची अपेक्षा नव्हती. बायकोने सगळं वाचलं आणि तानपुऱ्याच्या पंचमाला हसली, म्हणजे टाटा पक्कं.

मुलीबद्दल विचारायचं राहिलं. तिला कंटाळा येईल का? ती स्वतः तीन-चार मिनिटांचे तुकडे वाजवते. आणि तबला व ऑर्केस्ट्रा एकत्र असलेला एखादा कार्यक्रम मिळाला तर तोच घेऊ का? म्हणजे एकाच तिकिटात सगळ्यांचं होईल.

म्हापशेकर

व्हायोलिनचा विषय निघाला म्हणून आत शिरतो. गोव्यात आमच्याकडे चर्चला जोडलेल्या शाळा होत्या, तिथले मेस्त, म्हणजे मास्तर, पोरांना अक्षरओळखीबरोबर सोल्फेज (पाश्चात्य सरगम) आणि व्हायोलिन शिकवायचे. मुंबईत जो पाश्चात्य वाद्यवृंद कधीही जमला, मूकपटाच्या काळापासून हॉटेलांतल्या बँडपर्यंत आणि पुढे हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगपर्यंत, त्यातल्या बऱ्याच जणांचे हात त्या शाळांत तयार झालेले. धोबीतलावला गावागावांचे कूड, म्हणजे गोंयकारांच्या राहायच्या सामायिक जागा होत्या, गोंयकार तिथे ट्रंक आणि व्हायोलिनची पेटी घेऊन उतरायचा. सकाळी स्टुडिओ, रविवारी मिस्सा.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल यांना व्हायोलिन त्यांनी शिकवलं. पुढे एका सिनेमातल्या गाण्यात त्यांचं नाव आलं आणि सगळा देश ते नाव गुणगुणला, माणूस मात्र कुणाला ठाऊक नव्हता. त्यांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात स्वतःच्या रचनांचा कार्यक्रम केला होता, मोठा वाद्यवृंद, आणि गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. रागावर आधारलेलं काम, पण स्वरमेळ पाश्चात्य. म्हणजे तबला-व्हायोलिन एकत्र आणण्याची कल्पना एनसीपीएच्या आधीची आहे, आणि ती कागदावर उतरवणारा माणूस गोंयचा. ही फुशारकी समजा हवं तर.

कंडक्टर झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा १९३५ मध्ये उभा केला होता. ऑर्केस्ट्रा म्हणजे मुंबईत परवा आलेली चैन, असं कुणी म्हटलं तर त्याला हे सांगा.

आणि मुलीला कधी गोव्याला आणलंत तर वर्षाच्या सुरुवातीला ओल्ड गोव्यातला मोंती महोत्सव बघा. फुंदासांव ओरिएंत ही पोर्तुगीज संस्था तो भरवते. टेकडीवर जुनं कपेल (छोटं चर्च) आहे, खाली मांडवी. एका संध्याकाळी तिथे ख्याल असतो, दुसऱ्या संध्याकाळी बारोक, म्हणजे जुनं युरोपी संगीत. खर्जबाब म्हणतात तशी जागेची परीक्षा घ्यायची तर त्या कपेलात घ्या. दगडी भिंती, वर कमान. एकट्या व्हायोलिनला तिथे सोबत लागत नाही.

खर्ज

म्हापशेकर, धोबीतलावच्या त्या पेट्यांबद्दल वेगळा धागा काढा, मी रोज वाचेन.

डोंबिवलीफास्ट, एका तिकिटात सगळ्यांचं होईल हा हिशेब सोडा. झाकीर हुसेन यांनी एसओआयसाठी तबला आणि ऑर्केस्ट्रा यांचा 'पेशकार' नावाचा कंचेर्टो लिहिला, तो इथे २०१५ मध्ये झाला आणि पुढे स्वित्झर्लंड-ब्रिटनच्या दौऱ्यांतही वाजला. त्यात झाकीरभाई होते म्हणून ते उभं राहिलं. तबलजी लेहऱ्यावर मोकळा वाजवतो आणि मनात येईल तेव्हा तिहाई बदलतो. सत्तर माणसं कागद वाचत वाजवत असतील तर त्याला तेवढी मोकळीक राहत नाही आणि ऑर्केस्ट्रालाही तबल्याखाली आवाज आवरावा लागतो. ज्याने दोन्ही आधी वेगवेगळं ऐकलंय त्याला या देवाणघेवाणीची मजा येते. पहिल्याच वेळी ऐकलं तर दोन्ही थोडं थोडं मिळतं आणि घरी येऊन बायको म्हणते ठीक होतं, मुलगी म्हणते ठीक होतं. तुमच्या सगळ्या खटाटोपाला हे उत्तर मिळू नये.

मुलीला कंटाळा येईल, काही वेळ. येऊ द्या. चाळीस मिनिटांत दहा मिनिटं मीही छताकडे बघतो. तिच्यासाठी बाल्कनीचं आणखी एक कारण आहे: वरून गज दिसतात. पहिल्या व्हायोलिनचे सगळे गज एकाच वेळी वर, एकाच वेळी खाली. तिची बाई तिला डाऊन-बो, अप-बो लिहून देत असणारच. तेच डझनभर माणसं एका अंगाने करताना दिसतं. दुसऱ्या व्हायोलिनचे गज वेगळ्या दिशेला जातात, तेही तिला दाखवायला लागणार नाही. कार्यक्रम निवडताना पहिल्या अर्ध्यात व्हायोलिन कंचेर्टो आणि मध्यंतरानंतर सिम्फनी असा बेत मिळाला तर तोच घ्या. एकटा व्हायोलिनवाला पुढे उभा राहून वाजवतो ते अकरा वर्षांच्या मुलीला सिम्फनीपेक्षा आधी भिडतं. मध्यंतरानंतर ती झोपली तर झोपू द्या, सीट मऊ आहेत. घरी येताना "काय आवडलं?" विचारू नका, लोकलमध्ये परीक्षा नको.

आता तिसरी संध्याकाळ. लहान खोलीसाठी माझी पहिली पसंती ध्रुपद किंवा रुद्रवीणा. ज्या वाद्याचा आवाज मोठ्या हॉलमध्ये वाढवून वाढवून बारीक करतात ते वाद्य सव्वाशे-तीनशे माणसांत आपल्या मापाचं होतं. वीणेची तार खेचून सोडली की मींड कुठे संपली आणि शांतता कुठे सुरू झाली ते लिटल थिएटरमध्ये कळतं. दुसरी पसंती स्ट्रिंग क्वार्टेट: दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो. तिथे कंडक्टर नसतो. चौघं एकमेकांच्या श्वासावर सुरुवात करतात, आणि ते जवळून दिसतं. लहान थिएटरांतले काही कार्यक्रम विनामूल्य असतात, आधी येईल त्याला जागा, तेव्हा खिशालाही सोपं.

ऑपेराचं प्रक्षेपण या वर्षी सोडा. चांगलं असतं, पण ते पडद्यावर आहे, आणि पडदा डोंबिवलीतही आहे.

डोंबिवलीफास्ट

ठरलं तर. भाभात व्हायोलिन कंचेर्टोवाली संध्याकाळ, बाल्कनी. टाटात ख्याल, चौथ्या-पाचव्या रांगेत जे मिळेल ते. तिसऱ्यावर घरात मतभेद आहेत. ध्रुपदाला बायको म्हणते, तासभर आलाप ऐकून मुलगी परत कधी येणार नाही. मुलगी म्हणते तिला व्हायोला बघायचाय, कारण क्लासमधल्या एका मुलाने व्हायोलिन सोडून तो घेतलाय आणि ते का, हे तिला कळत नाहीये. मी तटस्थ.

खर्ज

मग क्वार्टेट. बायको ध्रुपदाला नको म्हणत असेल तर तिकीट काढूच नका, ते नंतर दोघं जा. क्वार्टेटला मुलीला उजव्या बाजूच्या खुर्च्यांत बसवू नका. तिथे बहुधा व्हायोलाची पाठ येते. डावीकडे किंवा मधे बसवा. आणि तिकिटं आजच काढू नका, सभासदांचं बुकिंग चालू असेल. इतरांसाठी उघडेल त्या दिवशी सकाळी काढा, दुपारपर्यंत बाल्कनीची पुढची रांग जाते.

तिकीटघर

आणि रविवारचा कार्यक्रम असेल तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक बघून घ्या.